खेळाडू नाही, तरी नाडी पन्नासच्या खाली: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी धावत नाही, पोहत नाही, दिवसाचे आठ-नऊ तास खुर्चीत जातात. तरी शांत बसलो की माझी नाडी ४८ ते ५२ च्या आसपास असते. हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा पुढचे चार महिने मी दिवसातून वीस-वीसदा मनगट धरून बसत होतो. नेमकं त्याच वर्षी माझ्या आत्याची नाडी ३८ वर आलेली होती आणि ते घरात कोणाला ठाऊकच नव्हतं. ती दुपारी जास्त झोपते, जिन्यात मध्येच थांबते, हे सगळं वयाच्या खात्यात टाकून आम्ही मोकळे झालो होतो. मी विनाकारण घाबरलो होतो, आणि जिच्याकडे बघायला हवं होतं तिच्याकडे कोणी बघत नव्हतं. पुढची उत्तरं या दोन अनुभवांतून आली आहेत. मी डॉक्टर नाही. आमच्या दोघांच्या तपासण्यांच्या निमित्ताने जे विचारलं, वाचलं, समजून घेतलं ते इथे लिहितो आहे.

नाडी किती असली की ‘कमी’ म्हणायची?

पुस्तकात मोठ्या माणसाची विश्रांतीतली नाडी मिनिटाला ६० ते १०० दिलेली असते, आणि त्याखाली गेली की तिला ब्रॅडिकार्डिया म्हणतात. हा ६० चा आकडा सोयीसाठी ठरवलेला आहे. शरीरात तिथे कुठे रेघ मारलेली नाही. अमेरिकन हृदयरोगतज्ज्ञ डेव्हिड स्पॉडिक यांनी १९९० च्या दशकातच ५० ते ९० ही मर्यादा वास्तवाला जास्त धरून आहे असं मांडलं होतं. अमेरिकेतल्या हृदयरोग संघटनांनी २०१८ मध्ये मंद नाडीविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांत ५० च्या खालचा वेग मंद धरला आहे. त्यामुळे ५४ किंवा ५७ बघून ज्यांची झोप उडाली आहे त्यांची नाडी या हिशेबाने मंद नाहीच.

ब्रॅडिकार्डिया या शब्दाचा अर्थही तेवढाच आहे: मंद हृदय. ते वर्णन झालं. ईसीजीचं मशीन ६० च्या खालचा वेग दिसला की कागदाच्या कोपऱ्यात ‘सायनस ब्रॅडिकार्डिया’ आपोआप छापतं, आणि रिपोर्ट हातात पडलेल्या माणसाला वाटतं आपल्याला आजार निघाला. मलाही तसंच वाटलं होतं. त्यातला ‘सायनस’ हा शब्द खरं म्हणजे दिलासा देणारा आहे, कारण ठोका जिथून निघायला हवा तिथूनच निघतो आहे असं तो सांगतो.

मी व्यायामच करत नाही, मग माझी नाडी कमी कशी?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि याचं उत्तर नीट समजलं की निम्मी भीती जाते.

हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात पेशींचा एक छोटा पुंजका असतो, त्याला सायनस नोड म्हणतात. आर्थर कीथ आणि मार्टिन फ्लॅक यांनी १९०७ मध्ये त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. प्रत्येक ठोक्याची सुरुवात इथून होते. या नोडला कोणत्याही मज्जातंतूचा हात लागू दिला नाही, तर तिशीतल्या माणसात तो मिनिटाला साधारण १०० वेळा ठोके देईल. म्हणजे १०० हा हृदयाचा स्वतःचा वेग झाला. आपल्याला जी ७० किंवा ५० दिसते ती ब्रेक लागलेली नाडी असते.

हा ब्रेक म्हणजे व्हेगस नावाचा मज्जातंतू. तो मेंदूतून निघून मानेतून खाली हृदयापर्यंत येतो आणि सायनस नोडला सतत दाबून धरतो. ऑटो लोवी यांनी १९२१ मध्ये दोन बेडकांची हृदयं घेऊन हे फार सुंदर दाखवलं. एका हृदयाचा व्हेगस चेतवला, ते मंदावलं, आणि त्याच्याभोवतीचं द्रव दुसऱ्या हृदयावर घातलं तर तेही मंदावलं. त्या द्रवातलं रसायन म्हणजे ॲसिटिलकोलिन, आणि या शोधाच्या वाटेने लोवी १९३६ च्या नोबेलपर्यंत पोहोचले. हृदय प्रत्यारोपण झालेल्या माणसात हा तंतू कापला जातो, म्हणून अशांची नाडी बसल्याजागी ९० ते ११० असते.

आता हा ब्रेक कोणाचा किती घट्ट, हे माणसागणिक वेगळं असतं. नियमित व्यायामाने नाडी खाली येते हे खरं, पण व्यायाम हे त्याचं एकमेव कारण नाही. काही जण जन्मतःच घट्ट ब्रेक घेऊन येतात. सायनस नोडच्या पेशींतली विद्युत यंत्रणाही आईवडिलांकडून येते. एचसीएन४ नावाच्या जनुकातल्या बदलांमुळे पिढ्यानपिढ्या मंद नाडी असलेली घराणी वैद्यकात नोंदलेली आहेत. माझ्या वडिलांची नाडी मोजली तेव्हा ५४ निघाली. तोवर कोणी मोजलीच नव्हती.

एक गोष्ट मात्र इथेच लक्षात ठेवा, पुढे तिचं काम आहे. हृदयाचा हा मूळ वेग वयाबरोबर उतरत जातो. तिशीत १००, तर सत्तरीत तो ८० च्या आसपास येतो. म्हणून तरुण माणसाची ४८ ही बहुतेक वेळा घट्ट ब्रेकची ४८ असते. सत्तरीतल्या माणसाची ४८ ब्रेकमुळे आहे की इंजिनच थकलं आहे, हा प्रश्न मात्र विचारावाच लागतो.

इतक्या कमी ठोक्यांत शरीराला रक्त पुरतं का?

पुरतं. एका ठोक्यात साधारण ७० मिलिलिटर रक्त बाहेर पडतं असं धरलं, तर ७० ठोक्यांत पाच लिटरच्या जवळ जातं. नाडी ५० असली की दोन ठोक्यांमध्ये हृदयाला भरायला जास्त वेळ मिळतो. ते जास्त भरतं आणि एका ठोक्यात जास्त रक्त ढकलतं. ९५ मिलिलिटर गुणिले ५० केलं की पुन्हा पावणेपाच लिटर. हृदयाच्या स्वतःच्या स्नायूला, विशेषतः डाव्या बाजूला, रक्तपुरवठा बहुतांशी दोन ठोक्यांमधल्या विश्रांतीत होतो, तीही विश्रांती मंद नाडीत लांबते.

अर्थात हे गणित एका मर्यादेपर्यंतच जुळतं. हृदय हवं तितकं फुगू शकत नाही. नाडी तिशीत गेली की दर ठोक्याला कितीही रक्त ढकललं तरी हिशेब तोकडा पडू लागतो, आणि स्नायू ताठरलेल्या म्हाताऱ्या हृदयात तो त्याआधीच तोकडा पडतो.

खेळाडूची कमी नाडी चांगली, आणि आमची वाईट, असं असतं का?

नाही. ४५ ते ८४ वयाच्या सुमारे ६,७०० लोकांना दहा वर्षांहून जास्त काळ बघितलेल्या ‘मेसा’ या अमेरिकन अभ्यासातून २०१६ मध्ये यावरच निष्कर्ष आले. नाडी कमी करणारी औषधं न घेणाऱ्या लोकांत, ५० च्या खालची नाडी असलेल्यांना हृदयविकार किंवा मृत्यूचा धोका जास्त आढळला नाही. औषधं घेणाऱ्यांत मंद नाडीबरोबर मृत्यूचं प्रमाण जास्त दिसलं, म्हणून औषधांचा प्रश्न पुढे वेगळा घेतला आहे. विश्रांतीतली नाडी सतत जास्त असणं हे उलट अनेक अभ्यासांत वाईट लक्षण ठरलं आहे, पण ८५ ची नाडी असलेला माणूस रात्री जागा राहून त्याबद्दल वाचत बसलेला मी अजून पाहिलेला नाही.

घड्याळ दाखवतं तो आकडा खरा धरावा का?

कल समजायला धरावा, निदानासाठी धरू नये. मनगटावरचं घड्याळ हिरवा प्रकाश त्वचेत सोडतं आणि रक्ताची लाट येते-जाते तसा परत येणारा प्रकाश कमी-जास्त होतो, त्यावरून ठोके मोजतं. पट्टा सैल असला, हात गार पडले असले, मनगटावर गोंदलेलं असलं की गणना चुकते.

पण खरी फसगत वेगळ्याच ठिकाणी होते. काही लोकांत अधूनमधून एखादा ठोका वेळेआधी पडतो. अशा घाईच्या ठोक्यात हृदय पुरतं भरलेलं नसतं, त्यामुळे मनगटापर्यंत लाट पोहोचतच नाही. असा ठोका एकाआड एक पडत असला, तर हृदयाचे ७६ ठोके पडूनही मनगटावर ३८ मोजले जातात. बोटावरचा ऑक्सिमीटर आणि बीपीचं मशीनही याच लाटेवर विसंबून असतात, तेव्हा तिन्ही ठिकाणी एकच आकडा आला म्हणून तो बरोबर ठरत नाही. हे ईसीजीतच कळतं. आणि तेव्हा प्रश्न मंद नाडीचा उरत नाही, जादा ठोक्यांचा होतो, ज्यावरचा विचार पूर्ण वेगळा आहे.

मग नाडी हाताने कशी मोजायची?

पाच-दहा मिनिटं शांत बसा. चहा-कॉफी, सिगारेट, भांडण, जिना यांपैकी काही नुकतंच झालेलं नसावं. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या आतल्या बाजूला मधली दोन-तीन बोटं हलकेच ठेवा. अंगठ्याने मोजू नका, त्याला स्वतःचा ठोका जाणवतो. पूर्ण ६० सेकंद मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणलं तर एका ठोक्याची चूक चारची होते, आणि मधला चुकलेला ठोकाही हातातून निसटतो. ठोके एकसारख्या अंतराने पडतात की मध्येच खंड पडतो, हे आकड्याइतकंच लक्ष देऊन बघा. मानेवर मोजायची वेळ आली तर एकाच बाजूला, हलक्या हाताने. दोन्ही बाजू एकदम दाबू नयेत.

रात्री झोपेत ३८ दिसली. हृदय थांबेल का?

झोपेत व्हेगसचा जोर वाढतो, म्हणून नाडी सगळ्यांचीच उतरते. दिवसा ५० असणाऱ्याची रात्री चाळिशीच्या आत जाणं, आणि क्वचित दोन ठोक्यांत दोन सेकंदांचं अंतर पडणं, हे निरोगी तरुणांच्या चोवीस तासांच्या नोंदींत नेहमी सापडतं. घड्याळ नव्हतं तेव्हाही ते होतच होतं. आपण झोपलेलो असल्याने दिसत नव्हतं.

एकच अपवाद विचारात घ्या. जोरात घोरणं, श्वास अडकल्यासारखा होऊन दचकून जाग येणं, सकाळी डोकं जड असणं आणि दिवसा पेंग येणं, हे सोबत असेल तर स्लीप ॲप्नियाची तपासणी करून घ्या. त्यात श्वास थांबला की नाडी खूप खाली जाते आणि श्वास सुटला की उसळी मारते. २०१८ च्या सूचनांतही रात्रीच्या मंद नाडीसाठी आधी हेच बघायला सांगितलं आहे. ॲप्नियावर उपचार झाले की रात्रीची नाडी बहुधा सुधारते.

कोणत्या औषधांनी नाडी कमी होते?

हा प्रश्न खरं तर पहिल्याच भेटीत विचारला गेला पाहिजे. रक्तदाबासाठी, धडधडीसाठी, अर्धशिशीसाठी किंवा हात थरथरतात म्हणून दिलेले बीटा ब्लॉकर, म्हणजे मेटोप्रोलॉल, ॲटेनोलॉल, प्रोप्रॅनोलॉल, बायसोप्रोलॉल. डिल्टियाझेम आणि वेरापामिल. डिगॉक्सिन, ॲमिओडॅरोन, आयव्हॅब्रॅडिन, क्लोनिडिन. विसरभोळेपणाच्या आजारात देतात ते डोनेपेझिल. मानसिक आजारात वापरलं जाणारं लिथियम. यांतली काही औषधं नाडी उतरावी म्हणूनच दिलेली असतात, तेव्हा त्यांवर नाडी ५४ असणं म्हणजे औषध आपलं काम करतं आहे.

आणि डोळ्यांचे थेंब. हे मी मुद्दाम वेगळ्या ओळीवर लिहितो आहे. काचबिंदूसाठी टिमोलॉलचे थेंब दिले जातात. टिमोलॉल हा बीटा ब्लॉकरच आहे. डोळ्यातून तो नाकात उतरतो, तिथल्या आतल्या अस्तरातून थेट रक्तात जातो आणि हृदयापर्यंत पोहोचतो. माझी आत्या हे थेंब तीन वर्षं घालत होती. आधी ज्या डॉक्टरांकडे ती थकव्यासाठी जायची त्यांनी गोळ्या विचारल्या होत्या, तिने गोळ्या सांगितल्या. थेंबांना औषध म्हणायचं हे तिच्या डोक्यात आलं नाही आणि तिला कोणी विचारलंही नाही. तुमच्या घरात कोणी काचबिंदूचे थेंब घालत असेल आणि हल्ली दमत असेल, तर आज त्यांची नाडी मोजा.

कोणतंही औषध स्वतःच्या मनाने बंद मात्र करू नका. बीटा ब्लॉकर एकदम सोडल्यावर नाडी आणि रक्तदाब उसळतात. छातीत दुखण्याचा जुना त्रास असलेल्याला ते धोक्याचं ठरतं. काचबिंदूचे थेंब थांबवले तर डोळ्यातला दाब वाढतो. लिहून देणाऱ्याला फोन करा, नाडीचा आकडा सांगा.

औषधं नाहीत. मग आणखी काय कारण असू शकतं?

थायरॉइड मंदावणं हे नेहमी सापडणारं कारण, आणि रक्ताच्या साध्या टीएसएच तपासणीत ते कळतं. वजन वाढणं, थंडी सहन न होणं, बद्धकोष्ठ, कोरडी त्वचा अशी सोबत असेल तर संशय बळावतो. रक्तातलं पोटॅशियम वाढलं तरी नाडी मंदावते. मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांत हे तातडीचं ठरतं.

एक कारण तरुण मुलींच्या आणि मुलांच्या बाबतीत सांगायलाच हवं. खूप कमी खाणं, झपाट्याने वजन उतरवणं, जेवण टाळणं यांनी शरीर काटकसरीला लागतं आणि नाडी पन्नासच्या, कधी चाळीसच्या खाली जाते. घरचे ‘फिट झाली’ म्हणून कौतुक करत असतात. वजन उतरतं आहे, पाळी थांबली आहे, हातपाय गार पडतात आणि नाडी ४२ आहे, तर ते कौतुकाचं चित्र नाही. लवकर डॉक्टरांना दाखवा.

काही तापांत, उदाहरणार्थ विषमज्वरात, तापाच्या मानाने नाडी वाढत नाही. हृदयाच्या खालच्या बाजूच्या झटक्यातही नाडी मंदावते, कारण सुमारे ६० टक्के लोकांत सायनस नोडला रक्त देणारी फांदी उजव्या करोनरी धमनीतून येते आणि तो झटका बहुतेक वेळा तीच धमनी अडल्याने येतो. म्हणून छातीत दुखून घाम सुटलेला असताना ‘नाडी तर शांत आहे’ म्हणून घरी बसू नये.

घरच्या घरी काही पारखता येतं का?

ब्रेक की इंजिन, याचा अंदाज जिना देतो. बसून नाडी मोजा, नेहमीच्या चालीने दोन मजले चढा आणि वर पोहोचताच पुन्हा मोजा. ब्रेकमुळे मंद असलेली नाडी शरीराने मागणी केली की लगेच उठते. ४८ ची ९० च्या पुढे सहज जाते आणि थांबल्यावर काही मिनिटांत उतरते. माझी पहिल्याच दिवशी १०४ झाली होती, आणि खरं सांगतो, चार महिन्यांत पहिल्यांदा त्या रात्री मी नीट झोपलो.

चढूनही नाडी पन्नाशी-साठीतच रेंगाळते, धाप लागते, पाय जड होतात, तर हृदय मागणीला उत्तर देत नाही असा त्याचा अर्थ असू शकतो. बीटा ब्लॉकर घेणाऱ्यांत ती औषधाने दबलेलीही असते. अशा वेळी डॉक्टरांकडे जा. छातीत दुखत असेल, नुकतीच शुद्ध हरपली असेल किंवा तोल जात असेल तर हा प्रयोग करूच नका. वयस्कर माणसाला एकट्याने तर मुळीच करायला लावू नका.

कधी थांबायचं नाही, तडक दवाखाना गाठायचा?

शुद्ध हरपली असेल, विशेषतः काही पूर्वसूचना न देता, बसल्याजागी किंवा चालता चालता. छातीत दुखतं, दडपतं. बसूनही धाप लागते. माणूस गोंधळल्यासारखा बोलतो, अंगाला थंड घाम आहे, उभं राहवत नाही. अशा वेळी नाडी चाळीसच्या आत असेल तर रुग्णवाहिका बोलवा, स्वतः गाडी चालवत जाऊ नका.

क्षणात कोसळून क्षणात सावध होण्याचे झटके डब्लिनच्या रॉबर्ट ॲडम्स यांनी १८२७ मध्ये आणि विल्यम स्टोक्स यांनी १८४६ मध्ये मंद नाडीशी जोडून दाखवले. आजही त्यांना स्टोक्स-ॲडम्स झटके म्हणतात. बघणाऱ्याला ते फिट आल्यासारखे वाटतात आणि काही जण फिटच्या गोळ्या घेत राहतात.

लक्षणं एवढी तीव्र नसली तरी आठवडाभरात भेट घ्यावी असं कधी? वारंवार डोळ्यांपुढे अंधारी येते, पूर्वी सहज होणारी कामं गेल्या काही महिन्यांत होईनाशी झाली आहेत, किंवा नाडी आधी ७० असायची आणि आता ४५ आहे. हा बदल महत्त्वाचा. आयुष्यभर ५० असलेली नाडी आणि यंदा ५० झालेली नाडी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मला चक्कर येते. ती मंद नाडीमुळेच ना?

कदाचित नाही. उठताना रक्तदाब उतरणं, कानातल्या तोलाच्या यंत्रणेचा बिघाड, रक्त कमी असणं, पाणी कमी पडणं, धास्तीने भराभर श्वास घेणं, ही कारणं जास्त सापडतात. चक्कर येते त्याच क्षणी नाडी किती होती, हा मुद्दा निर्णायक आहे. तेव्हा ती ३६ असेल तर दोन्हींचा संबंध आहे; ७८ असेल तर शोध दुसरीकडे घ्यायचा. सगळ्या तपासण्यांचा खटाटोप ही एकच गाठ जुळवण्यासाठी असतो.

डॉक्टर कोणत्या तपासण्या करतात?

ईसीजी सगळ्यांत आधी. त्यात दोन गोष्टी पाहतात: ठोका सायनस नोडमधून निघतो का, आणि तो खालच्या कप्प्यांपर्यंत विनाअडथळा पोहोचतो का. ठोक्याचा हा विजेचा निरोप पोहोचायला उशीर होत असेल तर तो पहिल्या श्रेणीचा ब्लॉक, बहुधा निरुपद्रवी. काही निरोप पोहोचतात आणि काही गळतात तो दुसऱ्या श्रेणीचा. त्यातला उशीर वाढत वाढत एक ठोका गळणारा प्रकार निरोगी माणसांत झोपेतही दिसतो. काही चाहूल न देता ठोका गाळणारा प्रकार गंभीर असतो. एकही निरोप पोहोचत नाही तो तिसऱ्या श्रेणीचा. मग खालचे कप्पे स्वतःच्या संथ चालीने, मिनिटाला २० ते ४० किंवा थोडे वरून सुटले तर ४० ते ६० ठोके देत राहतात. इथे ‘ब्लॉक’ हा विजेच्या वाटेवरचा आहे. रक्तवाहिनीतला ब्लॉकेज वेगळा, आणि या दोन शब्दांच्या सारखेपणाने लोक फार घाबरतात.

ईसीजी दहा सेकंदांचा असतो, त्रास मात्र मंगळवारी दुपारी आलेला असतो. म्हणून होल्टर, म्हणजे अंगावर बाळगून सतत ईसीजी नोंदवत राहणारं यंत्र. नॉर्मन होल्टर यांचं पहिलं यंत्र पाठीवर बांधायचं होतं आणि त्याचं वजन सुमारे ३८ किलो होतं. आता छातीवर चिकटवायची पट्टी दोन आठवडे नोंद ठेवते. त्रास काही महिन्यांतून एकदा होत असेल तर त्वचेखाली बसवायचा लूप रेकॉर्डर असतो, तो काही वर्षं चालतो. याशिवाय टीएसएच, पोटॅशियम, ट्रेडमिलवर नाडी किती चढते ते, आणि ऐकताना किंवा ईसीजीत काही खटकलं तर इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. लक्षणं नसलेल्या, साधा सायनस ब्रॅडिकार्डिया असलेल्या तरुण माणसाला यांतल्या बहुतेक तपासण्या लागत नाहीत. मला ईसीजी आणि टीएसएचवर सोडलं.

पेसमेकर बसवावा लागेल का?

लक्षणं नसतील आणि ठोका सायनस नोडमधूनच येत असेल, तर आकडा कितीही असला तरी केवळ आकड्यासाठी पेसमेकर बसवू नये, अशी २०१८ च्या सूचनांची स्पष्ट भूमिका आहे. अमुक आकड्याखाली पेसमेकर, अशी कोणतीही सीमा त्यांनी आखलेली नाही. लक्षणं आणि मंद नाडी यांची गाठ पडली आणि काढून टाकता येईल असं कारण नसलं की विचार सुरू होतो. वर सांगितलेल्या गंभीर दुसऱ्या किंवा तिसऱ्या श्रेणीच्या ब्लॉकमध्ये, तो आपोआप बरा होण्यातला नसेल, तर लक्षणांची वाट बघत नाहीत.

आत्याचे थेंब बदलले तेव्हा नाडी ३८ वरून ४४ झाली. तेवढीच. जिना चढूनही ती साठीच्या पुढे गेली नाही, आणि होल्टरमध्ये दिवसाउजेडी साडेचार सेकंदांचा खंड सापडला. थेंबांनी आजार निर्माण केला नव्हता, आधीच थकत आलेल्या नोडला उघडं पाडलं होतं. पेसमेकर बसवल्यावर तिसऱ्या आठवड्यात ती म्हणाली, ‘मला वाटलं होतं म्हातारपण असंच असतं.’

भीती वाटणाऱ्यांसाठी एवढंच सांगतो. शरीरात बसवलेला पहिला पेसमेकर ८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्टॉकहोममध्ये आर्ने लार्सन यांना ओके सेनिंग यांनी बसवला, यंत्र रूने एल्मक्विस्ट यांनी बनवलं होतं. ते काही तासांतच बंद पडलं. लार्सन यांनी पुढे २० हून अधिक पेसमेकर वापरले आणि ते ८६ वर्षांचे होऊन २००१ मध्ये, हृदयाशी संबंध नसलेल्या आजाराने गेले.

नाडी वाढवायला काही घ्यावं का? कॉफी वगैरे?

नाही. लक्षणं नसतील तर वाढवण्यासारखं काही नाही; लक्षणं असतील तर कॉफी हा त्यावरचा उपाय नाही.

व्यायाम सुरू केला तर आणखी कमी होईल, म्हणून टाळतो आहे.

काही ठोक्यांनी उतरेल, आणि ते चांगलंच आहे. चढताना नाडी व्यवस्थित वाढत असेल आणि काही त्रास होत नसेल, तर याच कारणासाठी व्यायाम टाळणं हे सगळ्यांत मोठं नुकसान आहे.

ऑपरेशन किंवा रक्तदान असेल तर?

भूल देणाऱ्या डॉक्टरांना आपली नेहमीची नाडी आधीच सांगा. भुलेखाली ती आणखी उतरू शकते आणि त्यांच्याकडे त्यावर ॲट्रोपिनसारखी औषधं तयार असतात. रक्तदानाच्या वेळी नाडीची खालची मर्यादा बघतात. परत पाठवलं तर तो केंद्राचा नियम आहे, तुमच्या हृदयावरचा शेरा नाही. माझी काळजी अशाच एका नकारापासून सुरू झाली होती.

रिपोर्ट चांगले आले, तरी मन शांत होत नाही. काय करू?

मोजण्याची सवय मोडा. मला बाकी कशानेही गुण आला नाही. मी मोजायचो, ४७ दिसायची, घाबरायचो, घाबरल्यामुळे नाडी ७० व्हायची, ती बघून थोडं बरं वाटायचं, आणि पुन्हा ५० झाली की पुन्हा मोजायचो. त्या चार महिन्यांत मी रोज नव्याने एकच बातमी वाचत होतो. मग घड्याळाची कमी नाडीची सूचना ५० वरून ४० वर नेली, रात्री घड्याळ काढून ठेवायला लागलो, आणि रविवारी सकाळी एकदाच मोजायचं ठरवलं. पहिले दहा दिवस फार अवघड गेले. तिसऱ्या महिन्यात एका रविवारी मोजायचं विसरलो.

इतकं करूनही दिवस त्या विचारात जात असेल, कामावरून लक्ष उडत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांशी बोला. ती काळजी खरी आहे, तिलाही उपचार आहेत, आणि हृदय ठीक आहे हे दहाव्यांदा तपासून ती जात नाही.

डॉक्टरांकडे जाताना सोबत काय न्यावं?

दोन आठवड्यांतल्या चार-पाच नोंदी, हाताने मोजलेल्या, वेळेसह. त्रास झाला तेव्हा काय करत होतात आणि तेव्हाची नाडी, जमलं तर बघणाऱ्या माणसालाही घेऊन जा. जुने ईसीजी असतील तेवढे सगळे, कारण पाच वर्षांपूर्वीही ५० होती हे एका कागदाने सिद्ध होतं. घरातल्या कोणाला पेसमेकर आहे का, कोणी तरुण वयात अचानक गेलं का, हे विचारून ठेवा. आणि घेत असलेली सगळी औषधं एका पिशवीत घालून न्या, थेंबांच्या बाटलीसकट.